धारेची वेळ : प्रस्तावना

दुधाविषयी सरकारी दप्तरांत, सहकारी संघांच्या वार्षिक अहवालांत आणि कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत जेवढा मजकूर साठला आहे, त्याचा शतांशही, ज्या घरांतून ते दूध निघते त्या घरांच्या दिनक्रमाविषयी मराठीत आढळत नाही, ही उणीव मला कित्येक वर्षे बोचत आली होती. त्यामुळे पंचगंगा, भोगावती आणि वारणा या नद्यांच्या काठच्या गावांत, दोनापासून दहापर्यंत जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबांच्या गोठ्यांत वर्षभर बसून केलेल्या नोंदींचे बाड या ग्रंथाच्या लेखिकेने माझ्यापुढे ठेवले आणि प्रस्तावनेचा आग्रह धरला, तेव्हा तो मला मोडवला नाही. मी स्वतः करवीर तालुक्यातील अशाच एका घरात वाढलो. माझ्या शिक्षणाचा खर्च तीन म्हशींनी आणि त्यांच्यामागे पहाटे उठणाऱ्या आईने केला. तेव्हा या विषयाकडे मी सर्वस्वी तटस्थ वृत्तीने पाहू शकेन, असे आश्वासन वाचकांस देणे मला शक्य नाही.

ज्या वाचकाचा गोठ्याशी संबंध सकाळच्या पिशवीपुरता उरला आहे, त्याच्यासाठी प्रथम या क्षेत्राच्या चतुःसीमा सांगणे अवश्य आहे. एक-दोन एकर जमीन, तिच्या बांधाला किंवा एखाद्या तुकड्यात लावलेली वैरण, घराच्या भिंतीला भिंत लागलेला आणि पुष्कळदा एकाच छपराखालचा गोठा, पगारी गडी नाही, दिवसातून दोनदा धार, दोनदा दूध संस्थेची वाट, आणि दर दहा दिवसांनी हाती पडणारे बिल, असे या धंद्याचे साधारण स्वरूप आहे. शेतीचे उत्पन्न हंगामाला येते, उसाचे तर वर्षा-दीड वर्षाने. परंतु किराणा, शाळेची फी, औषधपाणी आणि पाव्हणारावळा यांना हंगाम नसतो. ही मधली दरी दुधाच्या बिलाने बुजते. ज्या घरात दुभते जनावर आहे त्या घराला सावकाराची पायरी क्वचित चढावी लागते, ही गोष्ट आमच्या भागात शेंबडे पोरही सांगेल.

हे झाले अर्थशास्त्र. परंतु या धंद्यात विकले जाते ते दूध, आणि खर्ची पडते ती वेळ. आणि त्या वेळेचा जमाखर्च आजवर कोणत्याही वहीत मांडला गेला नाही. दूध संस्थेच्या पासबुकात लिटर लिहिले जातात, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅटखेरीजचे घन घटक, लिहिले जातात; म्हशीच्या दुधाला ६.० व ९.०, गाईच्या दुधाला ३.५ व ८.५ हे पायाभूत प्रमाण धरून दर चढतो-उतरतो. पहाटे साडेचारला उठून शेण काढणे, गोठा लोटणे, गव्हाणीतली काल रात्रीची उष्टी वैरण बाजूस सारून ताजी टाकणे, सरकीच्या पेंडीचे आंबोण कालवणे, वासरू सोडणे, कास धुणे, धार काढणे, वासरू ओढून पुन्हा बांधणे, किटली घेऊन संस्थेत जाणे, परत येऊन जनावरांना पाणी दाखवणे, शेणी थापणे, दुपारी वैरण कापून डोक्यावरून आणणे, तिची कुट्टी करणे, आणि चार वाजता हे सारे पुन्हा पहिल्यापासून आरंभणे, यांपैकी एकाही कामाला त्या पासबुकात रकाना नाही. तो रकाना आखून पाहण्याचा यत्न या ग्रंथात झाला आहे, आणि माझ्या मते हेच त्याचे प्रयोजन आहे.

येथे एक लहानशी गोष्ट सांगण्याचा मोह मला आवरत नाही. आमच्या गोठ्याच्या तोंडाशी तळहाताएवढी एक काळी फरशी बसवलेली होती. आई धारेला बसण्यापूर्वी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा त्या फरशीवर मारी, आणि कंदील खाली धरून क्षणभर पाही. दूध एकसंध पसरले तर चरवी मांडीत धरी, दुधात बारीक गुठळ्या किंवा पाण्यासारखी फुटलेली रेघ दिसली, तर त्या सडाचे दूध निराळ्या वाटीत काढी आणि वडिलांना म्हणे, "अहो, उजवा मागचा सड दगडीला लागलाय, डॉक्टरास्नी सांगावा धाडा." दगडीची, म्हणजे कासदाहाची, परीक्षा काळ्या कापडावर किंवा काळ्या तबकडीवर करावी, असे पुढे मी पशुवैद्यकाच्या पुस्तकात वाचले, तेव्हा ती फरशी माझ्या डोळ्यांपुढे आली. आईला ही युक्ती तिच्या सासूने दिली होती. अशा प्रकारचे ज्ञान कोणत्याही शाळेच्या अभ्यासक्रमात नसते, आणि ते धारण करणाऱ्या स्त्रियांची पिढी डोळ्यांदेखत ओसरत चालली आहे.

या विषयाचा इतिहास सांगायचा तर तो आपल्या देशी लिखित साधनांच्याही मागे जातो. महाराष्ट्रात गावोगावी वेशीबाहेर किंवा देवळाच्या आवारात जे वीरगळ उभे आहेत, त्यांतील अनेकांवर खालच्या चौकटीत गुरांचा कळप आणि तो सोडवताना पडलेला वीर कोरलेला असतो. गोधन हीच संपत्ती आणि तिचे हरण हेच युद्धाचे निमित्त, अशी ती समाजस्थिती होती. सह्याद्रीच्या माथ्यावर, धो धो पावसाच्या मुलखात म्हशी घेऊन राहणारे गवळी-धनगर ही तिच्या पुढची पायरी; बाजारपेठा दूर आणि वाटा बिकट असल्याने दूध विकणे त्यांना शक्यच नव्हते, म्हणून ते लोणी-तूप घेऊन घाट उतरत आणि धान्य घेऊन चढत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी या समाजाचा पर्यावरणाच्या अंगाने अभ्यास केला. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या दैवतांच्या वाटेने त्यांचा सारा स्थलांतराचा नकाशा उलगडला. म्हसोबा, बिरोबा, खंडोबा यांच्या कथांतून चराऊ कुरणांची आणि पाणवठ्यांची भूगोलविद्या कशी दडलेली आहे, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सोंथायमरांकडे अवश्य वळावे.

गावगाड्यात मात्र दुधाला स्वतंत्र धंद्याचा दर्जा नव्हता. जनावर पाळायचे ते बैलासाठी; गाय ही बैलाची आई म्हणून दावणीला असे, आणि घरापुरते दूध-ताक निघाले तर ते नफ्यात. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला, त्यातला खेड्याचा व्यवहार वाचताना ही गोष्ट ठायी ठायी जाणवते. त्याहूनही आधी, १८८३ साली, महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्याने गायराने आणि चराईचे डोंगर बंद केल्याने शेतकऱ्याच्या गुरांची कशी उपासमार झाली याची जी हकीकत मांडली, ती मला या विषयावरील पहिले गंभीर मराठी लेखन वाटते. दूध कमी का, या प्रश्नाचे उत्तर जनावराच्या जातीत शोधण्यापूर्वी चाऱ्यात शोधावे आणि चाऱ्याचे उत्तर जमिनीच्या महसुली वहिवाटीत शोधावे, हा त्यांच्या प्रतिपादनातून निघणारा धडा पुढील शंभर वर्षे आमच्या धोरणकर्त्यांनी पुरता घेतला नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते. सातबाऱ्यावर गायरान म्हणून दाखल असलेली आणि प्रत्यक्षात चरायला काडीही नसलेली जमीन कोणत्या गावात नाही?

मराठी साहित्यानेही बैलाला जो मान दिला तो म्हशीला दिला नाही. ज्ञानेश्वरांच्या चरित्रात रेड्याच्या मुखी वेद आले, जुन्नरजवळ आळे येथे त्याची समाधीही आहे. परंतु दुधाचा आणि तुपाचा मोठा वाटा जिच्या कासेतून येतो, त्या म्हशीविषयी आमच्या लेखकांनी फारसे लिहिले नाही. या ग्रंथाची बहुसंख्य पाने तिला मिळाली आहेत, याचा मला व्यक्तिशः आनंद होतो.

शहरे वाढली तसा दुधाचा बाजार उभा राहिला, आणि त्याने दोन निराळी रूपे घेतली. एक रूप कोल्हापुरात आजही पाहावयास मिळते. गंगावेशीसारख्या ठिकाणच्या दूध कट्ट्यावर गवळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ, धारोष्ण दूध पेल्यात देतात. खांद्यापलीकडे मागे गेलेल्या, तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस या व्यवहाराला जणू घडवलेली आहे. गर्दीत ती बुजत नाही, आणि थोडे थोडे करून अनेक वेळा पान्हा सोडण्याची तिची सवय प्रसिद्ध आहे. दिवाळीच्या पाडव्याला नि भाऊबीजेला याच म्हशींना न्हाऊ घालून, शिंगे रंगवून, मोरपिसे नि माळा घालून मिरवतात, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंस माणूस मावत नाही.

दुसरे रूप मुंबईच्या तबेल्यांचे. तेथे दूरदूरच्या मुलखांतून व्यालेल्या म्हशी विकत आणत, वेत असेतो दूध काढीत, आणि आटली की ती भाकड म्हैस पोसणे परवडत नसल्याने कसायाकडे जाई. उत्तम जातिवंत जनावर एका वेतात संपे. शहराच्या मध्यवस्तीतील तबेले बाहेर नेऊन १९४९ साली आरे येथे दुग्धवसाहत वसवण्यात आली. दारा खुरोडी यांच्या कर्तबगारीचे ते स्मारकच होय. तथापि म्हैस आटली म्हणजे काय करायचे, हा प्रश्न शहरी पद्धतीने कधीच समाधानकारक सोडवला नाही. कुटुंबाच्या गोठ्यात तो निराळ्या रीतीने सुटतो: भाकड काळात म्हैस बांधावरच्या गवतावर, कडब्यावर आणि घरच्या कोंड्याभुशावर निभावते, गाभण राहते, आणि दहा महिने दहा दिवसांनी पुन्हा दुभती होते. हा निभाव लावण्याची शक्ती हेच लहान गोठ्याचे बळ आहे. मोठ्या भांडवलाच्या गोठ्याला ते साधत नाही.

सहकाराची कहाणी बहुश्रुत असल्याने येथे थोडक्यात आटोपतो. खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी व्यापारी मक्तेदारीविरुद्ध दूध घालणे बंद केले आणि १९४६ साली आपला संघ स्थापला. त्रिभुवनदास पटेल, वर्गीस कुरियन आणि म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखवणारे हरिचंद दलाया यांनी त्याला आकार दिला. १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि १९७० पासून दुधाचा महापूर योजना आली. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात १९६३ मध्ये जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'गोकुळ', स्थापन झाला, वारणा खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने निराळे केंद्र उभे राहिले. २०२३-२४ साली देशाचे वार्षिक दूध सुमारे २४ कोटी टनांच्या घरात होते आणि जगात पहिला क्रमांक आपला आहे.

मला या इतिहासातील ज्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे ती वेगळी आहे. गावात दूध थंड करण्याची सोय नसल्याने संकलन दिवसातून दोनदा करणे भाग पडले, आणि दुधाच्या गाडीने गावाला एक घड्याळ दिले. पूर्वी धारेची वेळ जनावर ठरवी, कासेला तड लागली की ते हंबरे. आता त्या हंबरण्यात गाडीच्या हॉर्नची भर पडली. सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी सुटते म्हणजे पावणेसहाला किटली निघाली पाहिजे, म्हणजे पाचला धार, म्हणजे साडेचारला उठणे. या घड्याळाने गावाला रोख पैसा दिला हे निर्विवाद; आणि त्याच घड्याळाने घरातील एका बाईला वर्षाचे ३६५ दिवस खुंट्याला बांधले, हेही तितकेच निर्विवाद. संस्थेचे सभासदत्व पुष्कळदा नवऱ्याच्या नावे, बिल त्याच्या खात्यावर, आणि किटली तिच्या हातात, हे दृश्य मी आयुष्यभर पाहत आलो आहे आणि त्याची मला लाज वाटते.

सहकाराच्या बरोबरीने पैदाशीचा विचार पुढे आला. महात्मा गांधींबरोबर १९४६ साली उरुळीकांचनला आलेले मणिभाई देसाई तेथेच राहिले आणि १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' ही संस्था काढली. गोठीत रेत शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेऊन कृत्रिम रेतनाने संकरित कालवडी निर्माण करण्याचे काम तिने खेडोपाडी रुजवले. जर्सी आणि होल्स्टीन यांच्या रक्ताने दुधाचे आकडे पालटून टाकले. त्यानंतर आज या क्षेत्रात जे पंथ दिसतात त्यांच्यात वाद आहेत. संकरित गाईचे पुरस्कर्ते मुक्तसंचार गोठा, मुरघास आणि काटेकोर हिशेब यांवर भर देतात. देशी वंशाचे अभिमानी गीर, खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ यांच्या काटकपणाची आणि हवामानाशी जुळलेल्या प्रकृतीची बाजू मांडतात. आणि आमच्याकडील बहुतेक कुटुंबे कोणताही पंथ न स्वीकारता म्हैस बांधून गप्प राहतात. माझा कौल या तिसऱ्यांकडे झुकतो. निकृष्ट वैरणीवर निभावणारे आणि फॅटच्या जोरावर चढा दर मिळवणारे जनावर लहान शेतकऱ्याच्या ऐपतीला मानवते. संकरित गाय दूध अधिक देते, पण तिला सावली, पाणी, खुराक आणि डॉक्टर हे सारे वेळच्या वेळी लागते; ज्याच्यापाशी वेळच शिल्लक नाही त्याने ती बांधण्यापूर्वी दहांदा विचार करावा. देशी वंश टिकला पाहिजे याविषयी दुमत नाही, मात्र त्याच्या नावाने जी अद्भुत वर्णने प्रसृत होतात त्यांनी त्या गाईचे हित होत नाही.

आता ऋतूंकडे वळतो, कारण या ग्रंथाचा गाभा तोच आहे. शेतकऱ्याचे वर्ष मृगापासून चालू होते असे म्हणतात, गोठ्याचेही तसेच. मृगाआधी घटसर्प नि फऱ्याची लस टोचून घेणे, छपरावरची कौले चाळणे, कडब्याच्या गंजीला झापा घालणे आणि शेणी हुडव्यात रचून वरून शेणाने लिंपणे ही कामे उरकावी लागतात. पाऊस लागला की कोवळ्या हिरव्या गवताने जनावरे पातळ शेण टाकतात, गोठ्यात चिखल माजतो, खुरे कुजतात, गोचिडी आणि माश्या वाढतात, आणि तिन्हीसांजेला कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केल्यावाचून धारेला बसणे अशक्य होते. आषाढात बेंदूर येतो. बैलांचा सण, पण ज्या घरात आता बैल नाही तेथेही म्हशीच्या शिंगांना हिंगूळ लावल्यावाचून बायका राहत नाहीत.

श्रावणापासून म्हशी विऊ लागतात. रात्रीच्या जागरणांचा हा काळ. वार पडेपर्यंत घर झोपत नाही, आणि पहिल्या तासाभरात रेडकाच्या तोंडी चीक गेला की नाही यावर त्याचे आयुष्य ठरते, कारण रोगप्रतिकाराची शिदोरी त्याला गर्भात मिळत नाही, ती त्या चिकातूनच मिळते. खरवसाची वाटी शेजारीपाजारी जाते ती यानंतर. एका भाद्रपदात आमचे रेडकू जंतांनी दगावले. दहाव्या दिवसाच्या सुमारास त्याला जंताचे औषध पाजायला हवे होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते, आणि संस्थेत दोन लिटर अधिक जावे म्हणून त्याच्या वाट्याचा सड आम्ही आखडला होता, हेही खरे. म्हशीने तीन दिवस पान्हा चोरला. कास तटतटलेली, आणि सडाला हात लावू देईना. चौथ्या दिवशी आईने ते रेडकू ज्या पोत्यावर निजत असे ते धुळीचे, वासाचे पोते आणून तिच्या तोंडाशी टाकले. म्हैस ते हुंगत राहिली, चाटू लागली, आणि धार उतरली. आई धार काढताना रडत होती. मी नऊ वर्षांचा होतो.

आश्विन-कार्तिक हा दुधाचा पुष्टकाळ. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते आणि व्रतस्थ स्त्रिया त्या दिवशी गाईचे दूधतूप वर्ज्य करतात. वर्षातून एक दिवस तरी वासराचा हक्क मान्य करणारे हे व्रत मला फार अर्थपूर्ण वाटते. दिवाळीपूर्वी संस्थेकडून दर-फरकाची रक्कम येते, आणि घरातील कापडचोपड, फराळ, माहेरवाशिणीची साडी हे सारे त्या 'फरका'वर होते. ज्या घरी फरक मोठा त्या घरची दिवाळी मोठी.

मार्गशीर्षात साखर कारखान्यांची धुराडी पेटली की वैरणीचा प्रश्न तीन-चार महिने मिटतो, कारण उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मुबलक मिळते. ऊसतोडीची कुटुंबे मराठवाड्यातून येतात, फडाशेजारी कोपी घालतात, आणि वाड्याच्या पेंढ्या विकून चार पैसे जोडतात. वाडे पोट भरते, पण त्यातील ऑक्झलेट शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते. नुसत्या वाड्यावर ठेवलेली म्हैस दुधाला उतरते आणि हाडांना झिजते. जाणते लोक त्यावर चुन्याची निवळी शिंपडतात आणि सोबत कडबा देतात. कडब्यात मंगळवेढा-सोलापूरकडच्या मालदांडी ज्वारीचा कडबा सर्वांत मानाचा, शेकड्याच्या भावाने पेंढ्या मोजून घेतात. ज्वारीचे क्षेत्र आटत चालल्याने तो दुर्मिळ होतो आहे. भाकरी कोणी खात नाही म्हणून म्हशीला कडबा नाही, अशी ही साखळी आहे. चैत्र-वैशाखाविषयी काय लिहावे? पाणी आणि सावली या दोन शब्दांत तो काळ मावतो. उन्हाने म्हैस मुका माज दाखवते, तो ओळखू आला नाही तर एकवीस दिवस वाया जातात, आणि असे दोन-तीन माज हुकले की अख्खे वेत लांबते. आमच्या पूर्वेकडील माणदेशात तर २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत माणसांनी गुरांसह चारा छावण्यांत मुक्काम ठोकले होते.

हा ग्रंथ आजच का यावा, याला कारणे आहेत. दुधाचा दर आता गावाच्या किंवा जिल्ह्याच्या हाती राहिलेला नाही. भुकटीचा भाव जगाच्या बाजारात पडला की गाईच्या दुधाला पाण्याची किंमत येते. जुलै २०१८ मध्ये लिटरमागे ५ रुपयांसाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर यावे लागले. २०२० च्या टाळेबंदीत उपाहारगृहे आणि मिठाईची दुकाने मिटली आणि मागणीच खचली. २०२२ साली लम्पी त्वचारोगाने गोवंशात कहर केला, गुरांचे बाजार बंद झाले. ट्रॅक्टर आल्यापासून संकरित गोऱ्ह्याला काम उरले नाही, आणि २०१५ पासून राज्यात बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीसही बंदी असल्याने ते पोसण्याचा भार ज्याच्या दावणीला ते जन्मले त्याच्याच माथी पडला. या कायद्याच्या हेतूविषयी कोणाचे काही मत असो, त्याची किंमत कोण चुकवतो हे तरी उघडपणे बोलले गेले पाहिजे. आणि या सर्वांहून मोठे कारण म्हणजे नव्या सुना धार काढायला तयार नाहीत. त्यांना दोष देणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. बारावी-पदवीपर्यंत शिकलेल्या मुलीने सुट्टीवाचूनचे आणि मजुरीवाचूनचे काम निमूट पत्करावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

लेखिकेने अवलंबिलेली पद्धत साधी आणि कष्टाची आहे. प्रत्येक घरात तिने ऋतूगणिक काही दिवस मुक्काम केला, कोणते काम कोणी किती वेळ केले याची घड्याळ लावून टाचणे केली, आणि त्या टाचणांशेजारी त्याच दिवसांचे पासबुक ठेवले. सकाळच्या धारेपेक्षा संध्याकाळचे फॅट चढे का येते, तर मधले अंतर कमी म्हणून. वासराला शेवटच्या धारा सोडल्या तर संस्थेतले फॅट का उतरते, तर सर्वांत स्निग्ध दूध शेवटीच उतरते म्हणून. अशा ज्या बारीकसारीक बाबी बायकांना ठाऊक असतात आणि सचिवाला सांगाव्या लागत नाहीत, त्या येथे प्रथमच एकत्र आल्या आहेत. भाषेच्या बाबतीत तिने घेतलेला निर्णय मला विशेष मान्य आहे: पहिलारू, भाकड, आटवणे, फळणे, तड, पान्हा हे शब्द तिने जसेच्या तसे ठेवले, त्यांच्या जागी परिभाषाकोशातले प्रतिशब्द घातले नाहीत. काही ठिकाणी, विशेषतः गवळी समाजाच्या जुन्या पद्धतींविषयी, मला अधिक विस्तार हवा होता, आणि सीमेपलीकडच्या चिकोडी-निपाणी भागातील गोठे वगळले गेल्याची रुखरुखही आहे. परंतु जे हाती घेतले ते तिने तडीस नेले आहे.

या नोंदी वाचताना माझ्या मनात वारंवार एक संध्याकाळ येत राहिली, ती येथे नमूद करतो. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न गोरज मुहूर्तावर होते. गुरे रानातून परततात, त्यांच्या खुरांनी धूळ उडते, ती वेळ शुभ. पंचांगाने तो मुहूर्त गुरांच्याच परतण्यावरून बांधला आहे. मांडवात अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके चालू झाली, अक्षता वाटल्या गेल्या, आणि मामांनी इकडे तिकडे पाहत मला कानात विचारले, "अरे, अक्का कुठं हाय?" मी परसात धावलो. नवे हिरवे लुगडे गुडघ्यांपर्यंत खोचून आई म्हशीखाली बसली होती, चरवी अर्धी भरली होती, आणि भटजींचा आवाज कुडापलीकडून स्पष्ट ऐकू येत होता. "तड लागलीया रे तिला," ती मान वर न करता म्हणाली, "हे दोन सड झाले की आलेच." माझ्या मुठीतल्या अक्षतांपैकी थोड्या मी तिच्या ओंजळीत दिल्या, तिने त्या तेथूनच, ओल्या हाताने, मांडवाच्या दिशेने टाकल्या.